संधिवात आणि दीर्घकालीन अपंगत्वाचे क्लेम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमवात म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, गुडघ्या-खुब्याची झीज, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस म्हणजे पाठीच्या कण्याचा संधिवात आणि सोरायसिसबरोबर येणारा संधिवात, हे आजार असलेल्या पुणे-पिंपरी-चिंचवडमधल्या नोकरदारांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी ही उत्तरं आहेत. अशा क्लेमच्या फायलीत आजाराचं नाव पानोपानी असतं. त्या आजारामुळे माणसाच्या हातून नेमकं काय होत नाही, हे मात्र सहसा कुठेच लिहिलेलं नसतं. क्लेम अडतो तो तिथे.

मला संधिवात आहे, नोकरी झेपत नाही. विम्याचे पैसे मिळतील का?

संधिवात आहे एवढ्यावर कुणी पैसे देत नाही. दोन गोष्टी जुळाव्या लागतात. तुमच्या पॉलिसीत आजारामुळे आलेलं अपंगत्व धरलेलं असावं लागतं आणि तुमची अवस्था त्या पॉलिसीतल्या व्याख्येत बसावी लागते. बरेच जण पहिल्याच पायरीवर अडतात, कारण आपल्याकडे अपंगत्वाचा विमा म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक अपघातापुरतं असतं. आजारपणामुळे पगार थांबला तर दरमहा रक्कम देणारी पॉलिसी एकट्या माणसाला बाजारात सहजी मिळत नाही. ती असलीच तर कंपनीच्या ग्रुप विम्यात असते.

म्हणून एकाच ठिकाणी आशा लावून बसू नका. ग्रुप पॉलिसी, आयुर्विम्याचे रायडर (मूळ पॉलिसीला जोडून घेतलेलं जादा कव्हर), पीएफची पेन्शन, ग्रॅच्युइटी, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) आणि दिव्यांग प्रमाणपत्र या प्रत्येकाची पात्रता वेगळी आहे. एकीकडे नकार आला म्हणून दुसरीकडे येतोच असं नाही.

घरात चार-पाच पॉलिसी आहेत. त्यातली कुठली कामाची, हे कसं ओळखायचं?

प्रत्येक पॉलिसीत ‘अपघात’ हा शब्द कुठे येतो ते आधी पाहा.

बँक खात्यातून दरवर्षी २० रुपये कापले जातात ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण कायमच्या अपंगत्वाला २ लाख, अंशतः कायमच्या अपंगत्वाला १ लाख. संधिवाताला काही नाही. एलआयसीचा अपघाती मृत्यू व अपंगत्व लाभ रायडर असेल, तर त्यातही अपंगत्व अपघातामुळे आणि अपघातापासून १८० दिवसांच्या आत आलेलं असावं लागतं. बसलं तर रायडरची रक्कम दहा वर्षं मासिक हप्त्यांत मिळते आणि पुढचे हप्ते माफ होतात. पण आजार इथेही बाहेरच.

प्रीमियम माफीचा रायडर मात्र नीट वाचा. काही कंपन्यांचा फक्त अपघाताला लागू असतो, काहींचा आजारामुळे आलेल्या अपंगत्वालाही. दुसऱ्या प्रकारात रोजच्या सहा क्रियांची कसोटी सहसा लावतात: आंघोळ, कपडे घालणं-काढणं, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणं, घरातल्या घरात फिरणं, शौचालयाचा वापर आणि हाताने जेवणं. यांपैकी किमान तीन दुसऱ्याच्या मदतीशिवाय करता येत नसतील तर अपंगत्व मानायचं, असा साधारण मसुदा असतो. पैसे हाती येत नाहीत, पण हप्ता न भरता आयुर्विमा चालू राहतो. हा रायडर असूनही लोक मागत नाहीत.

गंभीर आजारांच्या पॉलिसीत आजारांची यादी जोडलेली असते. छोट्या याद्यांत संधिवात सहसा नसतो. लांबलचक याद्यांपैकी काहींत तीव्र रुमॅटॉइड आर्थ्रायटिस असतो, पण त्यालाही अनेक सांध्यांचा नाश एक्स-रेमध्ये दिसणं, रोजच्या क्रिया न जमणं, ते ठरावीक महिने टिकणं अशा अटी असतात. मेडिक्लेम रुग्णालयाचं बिल देतो, बुडालेला पगार नाही. गृहकर्जाबरोबर गळ्यात मारलेली पॉलिसीही काढून पाहा. ती कधी नुसत्या अपघाताची असते, कधी तिच्यात गंभीर आजार धरलेले असतात, आणि घेताना ती कुणी वाचलेली नसते.

गुडघ्यांची झीज आधीपासून होती. आता बाथरूममध्ये पडून फ्रॅक्चर झालं. अपघात विम्याचा क्लेम करू का?

करा. पडणं हा अपघातच आहे. वाद होतो तो पुढे: आताची चालता न येण्याची अवस्था पडल्यामुळे की आधीच्या झिजेमुळे? याचं उत्तर पहिल्या दिवसाच्या केसपेपरवर असतं. कॅज्युअल्टीत ‘गुडघेदुखी’ एवढंच लिहिलं गेलं तर पुढे कठीण जातं. कधी, कुठे, कसं पडलो आणि त्याआधी चालणं-जिने चढणं जमत होतं का, हे तिथेच लिहून घ्या. जुना एक्स-रे असेल तर लपवू नका. जुन्यात फ्रॅक्चर नाही आणि नव्यात आहे, हाच तुमचा पुरावा.

सरल सुरक्षा विमा या प्रमाणित अपघात पॉलिसीत तात्पुरत्या पूर्ण अपंगत्वाचं कव्हर ऐच्छिक असतं. ते घेतलेलं असेल तर आठवड्याला विमा रकमेच्या ०.२ टक्के, जास्तीत जास्त १०० आठवडे मिळतात. ५ लाखांच्या पॉलिसीवर आठवड्याला १,००० रुपये.

आमच्या कंपनीत दीर्घकालीन अपंगत्वाचं ग्रुप कव्हर आहे असं ऐकलंय. ते चालतं कसं?

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा भागातल्या काही बहुराष्ट्रीय कंपन्यांत असं कव्हर असतं. एचआरच्या माहितीपत्रकात त्याची एखादी ओळ असते. तेवढ्यावर विसंबू नका. विमा प्रमाणपत्र मागा, आणि शक्य असेल तर मुख्य पॉलिसीतली व्याख्यांची पानंही. त्यात चार गोष्टी शोधायच्या.

पहिली, प्रतीक्षा काळ. काम थांबल्यापासून ठरावीक दिवस, बहुधा ९० किंवा १८०, काहीच मिळत नाही. तेवढे दिवस साठलेल्या रजेवर आणि बचतीवर काढावे लागतात. मध्येच आठ-दहा दिवस कामावर जाऊन आलात तर मोजणी पुन्हा शून्यापासून होते की पुढे चालू राहते, हेही पाहा. संधिवात चढ-उताराचा आजार असल्याने हा प्रश्न हमखास येतो.

दुसरी, अपंगत्वाची व्याख्या. ‘स्वतःचं काम करता न येणं’ आणि ‘शिक्षण व अनुभवाला साजेसं कुठलंही काम करता न येणं’ यांत मोठा फरक आहे. बऱ्याच पॉलिसींत सुरुवातीची काही वर्षं पहिली व्याख्या लागते, नंतर दुसरी. चाकणच्या कारखान्यात प्रेसवर उभं राहणारा कामगार पहिल्या व्याख्येत सहज बसतो. दुसरी लागू झाली की विमा कंपनी म्हणते, बसून स्टोअरची नोंद ठेवता येईल ना? अशा वेळी बोटं, पाठ आणि थकवा यांच्याबद्दल फाईलमध्ये काय आहे यावर सगळं ठरतं. नुसते गुडघ्याचे रिपोर्ट पुरत नाहीत.

तिसरी, पूर्वीपासूनच्या आजाराचं कलम. कव्हर सुरू होण्याआधीच्या काही महिन्यांत त्या आजाराचे उपचार घेतले असतील तर सुरुवातीचा ठरावीक काळ क्लेम बाद, अशी अट असू शकते. नोकरी बदलल्यावर हे कलम नव्याने लागू होतं.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची: कव्हर नोकरीला बांधलेलं असतं. प्रतीक्षा काळ संपण्याआधी, किंवा लेखी क्लेम दाखल करण्याआधी, राजीनामा देऊ नका. ‘तब्येत सांभाळा, राजीनामा द्या, नंतर बघू’ असं मायेने सांगितलं जातं, आणि सांगणाऱ्याच्या मनात वाईटही नसतं. पण नोटिस पिरियड संपला की तुम्ही ग्रुपच्या बाहेर.

डॉक्टरांचं पत्र आहे. तरी विमा कंपनी म्हणते पुरावा अपुरा. पत्रात काय हवं?

‘सदर रुग्णास संधिवात असून विश्रांतीची गरज आहे’ हे वाक्य आजारी रजेला पुरतं. दीर्घकालीन क्लेमला त्याचा काही उपयोग नाही. विमा कंपनीच्या डॉक्टरने तुम्हाला पाहिलेलं नसतं. त्याच्यासमोर फक्त कागद असतो आणि कागदावरून त्याला तुमच्या कामाचा दिवस डोळ्यांपुढे आणायचा असतो. म्हणून पत्रात मोजमाप हवं:

एका वेळी किती मिनिटं बसता, उभं राहता, चालता येतं. आठ तासांच्या दिवसात एकूण किती. किती किलो उचलता येतं आणि किती वेळा. सकाळचा ताठरपणा किती वेळ टिकतो. हाताची पकड डायनामोमीटरवर (पकडीची ताकद मोजणारं यंत्र) किती किलो आली, उजवी-डावी वेगवेगळी. सांधा किती अंशांत वाकतो. टायपिंग, स्क्रू पिळणं, गाडीचा क्लच दाबणं यांसारखी हालचाल किती वेळ सलग जमते. औषधांचा परिणाम काय. मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषध आठवड्यातून एकदा घेतल्यावर पुढचा दिवस मळमळ आणि थकव्यात जात असेल तर तेही. महिन्यात अंदाजे किती दिवस कामावर जाणं अशक्य होतं. आणि ही अवस्था कधीपासून आहे, पुढे सुधारण्याची शक्यता किती.

ऱ्हुमॅटॉलॉजिस्टच्या (संधिवाततज्ज्ञांच्या) ओपीडीत एवढं लिहायला वेळ नसतो, हे गृहीत धरा. एका पानावर हे प्रश्न टाइप करून न्या, पुढे जागा सोडा. डॉक्टर तपासतील, भरतील, सही-शिक्का आणि नोंदणी क्रमांक टाकतील. पकड आणि हालचालीची मोजमापं फिजिओथेरपिस्टकडून आधीच करून आणली तर काम निम्मं होतं. उत्तरं मात्र तुम्ही भरून नेऊ नका. एकाच्या अक्षरात मजकूर आणि दुसऱ्याची सही असा कागद चौकशीत पहिल्यांदा बाजूला काढला जातो.

सोबत एचआरकडून तुमच्या कामाचं वर्णन घ्या. पदनाम नको, काम हवं. ‘सीनियर एक्झिक्युटिव्ह’ वरून काहीच कळत नाही. ‘रोज सहा तास कीबोर्ड, आठवड्यातून तीन दिवस प्लांटमध्ये फेरी, दोन मजले जिने’ यावरून कळतं.

कोणते रिपोर्ट जोडायचे?

आमवातासाठी आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, ईएसआर, सीआरपी या रक्तचाचण्या आणि हाता-पायांचे एक्स-रे. शिवाय डीएएस-२८ हा आजाराचा जोर दाखवणारा, २८ सांध्यांवर आधारलेला आकडा, किमान सहा महिन्यांत दोन-तीन वेळा काढलेला. एचएक्यू ही कार्यक्षमतेची प्रश्नावली फुकट आणि दहा मिनिटांची आहे, तरी बहुतेक फायलींत नसते. तिचा गुण ० ते ३ मध्ये येतो आणि जितका जास्त तितकी अडचण जास्त. गुडघ्याच्या झिजेला उभं राहून काढलेला एक्स-रे लागतो. झोपून काढलेल्यात सांध्यातलं अंतर प्रत्यक्षाहून बरं दिसू शकतं. रिपोर्टवर केलग्रेन-लॉरेन्स श्रेणी, म्हणजे झीज किती ते सांगणारा आकडा, लिहून मागा. स्पॉन्डिलायटिसला कण्याच्या तळाशी असलेल्या सॅक्रोइलियाक सांध्यांचा एमआरआय, शिवाय बीएएसडीएआय (आजाराचा जोर) आणि बीएएसएफआय (कार्यक्षमता) या प्रश्नावल्यांचे गुण.

माझा आरए फॅक्टर निगेटिव्ह आहे. म्हणून क्लेम फेटाळला.

हे कारण टिकणारं नाही. आमवात असूनही आरए फॅक्टर निगेटिव्ह असणारे रुग्ण पुष्कळ आहेत. त्या प्रकाराला सीरोनिगेटिव्ह म्हणतात. निदान एका रक्तचाचणीवर होत नाही. २०१० च्या आंतरराष्ट्रीय निकषांत किती आणि कोणते सांधे सुजले, सूज किती आठवडे टिकली, ईएसआर-सीआरपी वाढलेत का, या सगळ्यांना गुण आहेत. आपल्या डॉक्टरांकडून निकषवार गुण लिहून घ्या. सांध्यांची सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये आतली सूज दिसली तर तो कागद भारी पडतो.

काही दिवस मी अगदी ठीक असते, काही दिवस कप धरवत नाही. तपासणीच्या दिवशी ठीक असले तर?

मग तपासणाऱ्याला ठीकच दिसेल. त्यावर उपाय डायरीचा. रोज दोन ओळी: सकाळी किती वाजता हात मोकळे झाले, कोणती कामं जमली नाहीत, जास्तीची कोणती गोळी घेतली. ‘खूप दुखलं’ असं लिहू नका. ‘कुकरचं झाकण लावता आलं नाही, केस सासूबाईंनी विंचरले’ हे लिहा. तीन महिन्यांची अशी वही, आणि सूज वाढली की त्याच दिवसाचा बोटांचा फोटो, एवढं जवळ ठेवा. दुखणं वाढलेल्या दिवशी दवाखान्यात जाऊन नोंद करून घेणंही तितकंच गरजेचं. माणसं नेमकी बरं वाटलं की डॉक्टरांकडे जातात, आणि केसपेपरवर ‘प्रकृती स्थिर’ अशी रांग लागते.

डॉक्टरांनी गुडघा बदलायला सांगितलाय, मी तयार नाही. क्लेमवर परिणाम होईल?

होऊ शकतो. ‘कायमचं’ अपंगत्व म्हणजे योग्य उपचारांनंतरही उरणारं, अशी विमा कंपनीची आणि वैद्यकीय मंडळाची साधारण भूमिका असते. शस्त्रक्रिया करावी अशी सक्ती कुणी करू शकत नाही. पण नकाराचं वैद्यकीय कारण कागदावर हवं: हृदयाचा त्रास, अनियंत्रित मधुमेह, वारंवार होणारा संसर्ग, जे असेल ते. ‘भीती वाटते’ हे कारण माणसाला पटतं, फाईलला पटत नाही.

आम्ही फक्त आयुर्वेदिक उपचार घेतो. चालतं का?

पॉलिसीत ‘नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक’ याची व्याख्या काय दिली आहे त्यावर आहे. नोंदणी असलेल्या वैद्यांचे कागद ग्राह्य धरायला बऱ्याच ठिकाणी हरकत नसते. खरी अडचण वेगळीच असते: काढे-गुग्गुळ वर्षानुवर्षं घेतलेले, पण केसपेपर एकही नाही. तारीखवार नोंद आणि बिलं नसतील तर उपचार घेतलेच नाहीत असा अर्थ काढतात. उपचार कुठलेही घ्या, वर्षातून दोनदा ऱ्हुमॅटॉलॉजिस्टची तपासणी आणि रक्ताचे रिपोर्ट ठेवाच. आमवातात सांध्याची झीज एकदा झाली की परत भरून येत नाही, त्यामुळे हे केवळ क्लेमपुरतं सांगणं नाही.

दिव्यांग प्रमाणपत्र संधिवाताला मिळतं का? पुण्यात कुठे?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत संधिवात हे नाव नाही. पण अस्थि-स्नायूंच्या आजारामुळे हालचालीवर आलेली मर्यादा ‘चलनवलन दिव्यांगत्वा’त येते आणि त्याखाली मूल्यमापन होतं. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा: आधार, फोटो, सही किंवा अंगठा, पत्त्याचा पुरावा, वैद्यकीय कागद. तपासणीसाठी पुण्यात ससून, औंधचं जिल्हा रुग्णालय, आणि पिंपरीचं वायसीएम. तपासणीचे वार ठरलेले असतात, ते विचारूनच जा. जाताना मूळ एक्स-रे फिल्म आणि झेरॉक्सचा वेगळा संच बरोबर ठेवा.

टक्केवारी कशी निघते हे समजून घेतलं तर निराशा कमी होते. हाताची आणि पायाची हालचाल, स्नायूंची ताकद, स्थिरता, पकड हे मोजून प्रत्येकाचे टक्के काढतात, मग ते एका सूत्रात घालतात: मोठा आकडा अ आणि लहान आकडा ब असेल तर अ + ब × (९० − अ) ÷ ९०. म्हणजे ३० आणि २० असेल तर बेरीज ५० होत नाही. ३० + २० × ६० ÷ ९० म्हणजे सुमारे ४३ येते. लाभांसाठी ४० टक्क्यांची रेषा महत्त्वाची. रेषेच्या जवळ असाल तर एकही बाधित सांधा तपासायचा राहू देऊ नका. गुडघे दाखवून बोटं न दाखवता परत येणारे बरेच असतात. सुधारणेची शक्यता वाटली तर मुदतीचं प्रमाणपत्र देतात. ती तारीख लिहून ठेवा.

प्रमाणपत्र ५० टक्क्यांचं मिळालं. आता विमा कंपनीला पैसे द्यावेच लागतील ना?

नाही. कंपनी स्वतःच्या व्याख्येने बांधलेली आहे, मंडळाच्या टक्क्यांनी नाही. सरकारी मंडळाने मोजून दिलेला पुरावा म्हणून ते जोडा, पण ‘काम करता येत नाही’ हे वेगळं सिद्ध करावंच लागतं. उलट बाजूही लक्षात असू द्या: ३५ टक्के आले म्हणून ग्रुप पॉलिसीचा क्लेम आपोआप बुडत नाही.

पीएफमधून काही मिळतं का?

मिळतं, आणि लोकांना सगळ्यात कमी माहीत असलेली वाट हीच आहे. १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत नोकरीत असताना आलेल्या पूर्ण आणि कायमच्या अपंगत्वाला पेन्शन आहे. त्यासाठी दहा वर्षं सेवेची अट नाही. किमान एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पुरते. अपंगत्व कामामुळेच आलं असलं पाहिजे असंही नाही, म्हणजे आजार चालतो. मात्र अपंगत्व येताना जी कामं करू शकत होता ती सगळीच करता येऊ नयेत, अशी कसोटी आहे. ती वैद्यकीय मंडळ तपासतं.

अर्ज फॉर्म १०-डीवर. पेन्शनचं सूत्र नेहमीचंच: पेन्शनपात्र वेतन × सेवेची वर्षं ÷ ७०. वेतन १५,००० आणि सेवा १४ वर्षं असेल तर महिना ३,००० रुपये, किमान १,०००. फार नाही, पण तहहयात. नोकरी सोडून दोन-तीन वर्षांनी अर्ज केला तर अपंगत्व नोकरीत असताना आलं हे सिद्ध करणं अवघड जातं. म्हणून कामावर असतानाच वैद्यकीय कागदांवर तारखा पडू द्या.

घाईत पीएफ आणि पेन्शनची रक्कम एकदम काढून घेऊ नका. पेन्शनचा हिस्सा काढून घेतला की पेन्शनचा दावा संपतो.

ग्रॅच्युइटीला एरवी पाच वर्षं लागतात, पण आजाराने किंवा अपघाताने आलेल्या अपंगत्वामुळे नोकरी संपली तर ही अट नाही. शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून २६,००० असेल तर दर वर्षामागे १५ दिवसांचे, म्हणजे १५,००० रुपये. चार वर्षांचे ६०,०००. फक्त राजीनाम्यात ‘वैयक्तिक कारणास्तव’ असं लिहून हा हक्क घालवू नका. कारण म्हणून प्रकृती लिहा आणि प्रमाणपत्र जोडा.

मी ईएसआयमध्ये आहे.

वेतन २१,००० पर्यंत असलेले, दिव्यांग असतील तर २५,००० पर्यंतचे कामगार यात येतात. आजारपणाचा लाभ वेतनाच्या ७० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस, आणि आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी हवी. वाढीव लाभ ८० टक्क्यांनी दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो, पण तो ठरावीक ३४ दीर्घ आजारांच्या यादीवर चालतो. मणक्याची चकती सरकणं त्यात आहे; नुसत्या ‘सांधेदुखी’ या निदानावर कुणी त्यात जात नाही. निदान अचूक लिहून घ्या आणि बिबवेवाडी किंवा चिंचवडच्या मोहननगरच्या रुग्णालयातल्या तज्ज्ञांना यादीबद्दल थेट विचारा. कायमच्या अपंगत्वाचा ईएसआय लाभ कामावरची इजा आणि व्यवसायजन्य आजारांसाठी आहे.

सरकारी नोकरीत आहे. साहेब स्वेच्छानिवृत्ती घ्या म्हणतात.

सही करण्याआधी २०१६ च्या कायद्याचं कलम २० वाचा. सेवेत असताना दिव्यांगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही, पदावनतही करता येत नाही. आहे त्या पदावर जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यायचं. तेही नसेल तर अधिसंख्य (मंजूर पदांहून जादा) पदावर ठेवायचं, योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत. स्वेच्छानिवृत्तीची सही झाली की हे संरक्षण गेलं. रुग्णता निवृत्तिवेतन हा वेगळा मार्ग आहे, तो वैद्यकीय मंडळातून जातो. दोन्हींचा हिशेब मांडून मग ठरवा. खासगी कंपन्यांना कलम २० लागू नाही.

आई गृहिणी आहे. तिचा पगारच नव्हता, तर काय?

पगाराची भरपाई करणारं काही लागू होणार नाही. पण दिव्यांग प्रमाणपत्र काढा. ४० टक्क्यांपुढे एसटीत तिकिटाला ७५ टक्के सवलत आहे. घरचं वार्षिक उत्पन्न ५०,००० च्या आत आणि वय ६५ च्या आत असेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करता येतो. दिव्यांगांसाठीची रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून महिना २,५०० आहे. तुम्ही तिचा खर्च करत असाल आणि जुन्या करपद्धतीत असाल तर ७५,००० ची वजावट मिळते. ८० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर १,२५,००० ची.

पॉलिसी घेताना सांधेदुखी सांगितली नव्हती. आता?

क्लेमच्या अर्जात खोटी तारीख टाकून ती झाकायला जाऊ नका. जुने केसपेपर निघतातच. आयुर्विम्यात पॉलिसी किंवा रायडर सुरू होऊन, किंवा बंद पडून पुन्हा चालू होऊन, तीन वर्षं झाली की विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार कंपनीला त्यावर प्रश्न उपस्थित करता येत नाही. आरोग्य विम्यात सलग ६० महिन्यांनंतर, सिद्ध झालेली फसवणूक सोडून, असंच संरक्षण आहे. पूर्वीच्या आजारासाठीचा प्रतीक्षा काळ आरोग्य विम्यात ३६ महिन्यांहून जास्त असू शकत नाही. कधीमधी गुडघा दुखणं आणि निदान झालेला आमवात यांतला फरकही ठासून मांडा. निदानच झालं नव्हतं ते सांगणार कसं?

क्लेम नाकारला. पुढे काय?

नकार लेखी हवा आणि त्यात पॉलिसीचं नेमकं कलम हवं. फोनवरचा नकार नकार नव्हे. कलम हातात आल्यावर उत्तरही त्या कलमालाच द्यायचं. आपलं दुःख चार पानं लिहिलेलं निवेदन वाचणाऱ्यालाही वाईट वाटतं, पण निर्णय बदलत नाही. ‘आपण म्हणता बसून काम शक्य आहे, सोबत अमुक तारखेचं मोजमाप, सलग बसण्याची मर्यादा २० मिनिटं’ असं लिहा.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. सोबत विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वर नोंद करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारी कोर्टाबाहेर सोडवणारे अधिकारी. त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतात, ग्रुप पॉलिसीच्याही. शुल्क नाही, वकील लागत नाही आणि चालतही नाही. अट एकच घट्ट: कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत. आधी ग्राहक आयोगात किंवा कोर्टात गेलात तर लोकपाल तीच तक्रार घेत नाहीत, म्हणून क्रम चुकवू नका. लोकपालांचा निर्णय पटला नाही तर तुमच्यासाठी ग्राहक आयोग खुला राहतो. तिथली मुदत दोन वर्षांची.

इंटरनेटवर वाचलं की अपिलाला १८० दिवस असतात.

ते अमेरिकेतल्या नोकरीतून मिळणाऱ्या विम्याबद्दल आहे, तिथल्या एरिसा कायद्याखाली. पुण्यातल्या कंपनीने भारतीय विमा कंपनीकडून घेतलेल्या पॉलिसीला ते लागू नाही. मुलगा तिकडे नोकरीला असेल आणि त्याचा क्लेम तिकडचा असेल तर त्याच्यासाठी मात्र १८० दिवस ही मुदत कडक आहे.

विमा कंपनी फेसबुक, इन्स्टाग्राम बघते का?

बघते. दिवेघाटात पालखीबरोबर काढलेला एक फोटो पुरतो. तुम्ही गाडीतून उतरून दहा पावलं चालला असाल, फोटोत ते दिसत नाही. खोटं बोलू नका आणि अतिशयोक्तीही करू नका. ‘अजिबात चालता येत नाही’ असं अर्जात लिहिलंत आणि तुम्ही मंडईत पिशवी घेऊन दिसलात तर खरा क्लेमही गेला. ‘पंधरा मिनिटांनंतर थांबावं लागतं’ असं लिहिलं असतं तर त्याच दृश्याने काही बिघडलं नसतं.

एक जण म्हणतो वीस टक्के द्या, क्लेम आणि प्रमाणपत्र दोन्ही करून देतो.

नको. प्रमाणपत्र पैसे देऊन काढलं तर तो गुन्हा आहे आणि फेरतपासणीत ते रद्द होतं. लोकपालांकडचा अर्ज साध्या मराठीत, चार कागद जोडून, घरच्या घरी करता येतो. ग्राहक आयोगात गेलात तर तिथे वकील घ्या, पण फी आधी लेखी ठरवा आणि मूळ रिपोर्ट कुणाच्याही ताब्यात देऊ नका, झेरॉक्स द्या.